सोळा स्थळं

उन्मेषनं जाताना बारा शब्द लिहून दिले होते,
इंग्रजी, एकाचा दुसऱ्याशी संबंध नसलेले.
नानांनी ते पान पीएफच्या फायलीत लावलं
आणि कडेला पेन्सिलीनं नोंद केली :
वाक्य अपूर्ण.

सदतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये, नाशिकरोडला,
तपासणीच्या टेबलावर बसलेला माणूस.
अंगठ्याखालून गेले किती
आणि खिशात आले किती,
हे दोन आकडे ते कधी एका ओळीत मांडत नाहीत.

आज जेलरोडच्या घरी, पंखा दोनवर,
मी लॅपटॉप उघडला, शेजारी ते पान.
किती आहेत?
बावन्न हजार.
ठेवले तेव्हा किती होते?
बावन्न हजार.
मग तीन वर्षांचं व्याज कोणी खाल्लं?

नाना, हे पैसे नाहीत, पावत्या आहेत.
त्यानं डॉलर ठेवले, ते कुणी अनोळखी माणसांनी उसने नेले,
बदल्यात ही टोकनं आली.
ती वाढत नाहीत, वाढतो त्यांचा दर.
दुतोंड्या मारुती कुठे वाढतो?
तो आहे तेवढाच उभा असतो नदीत.
आपण विचारतो, गुडघ्याला लागलं का, कमरेला लागलं का,
आणि छातीला म्हटलं की
सराफ बाजारात गाळ्यांतून माल हलायला लागतो.
हे त्यांना पटलं.
मग म्हणाले, आता पाणी कुठवर आलंय ते सांग.

दर आला तो असा :
बारीकसारीक सोडलं, तर दोनशे पस्तीस
आणि त्यामागे बारा शून्यं.
म्हटलं, यंत्र पूर्णांकातच बोलतं, नाना.
स्थळं आपण बघायची.
स्थळं? उन्मेष तयार झाला?
दशांश स्थळं हो.
असं होय, म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

डॉलरची सहा, टोकनची आठ, झाली चौदा.
चौदा स्थळं आत येऊन चिन्ह दिलं,
बावन्न हजारांनी गुणलं,
मग चौऱ्याऐंशीनं, रुपये करायला.
एक कोटी दोन लाख चौसष्ट हजार आठशे.

पंखा दोनवरच होता.
पण मी तेवढ्यात नानांचे दोन्ही गुडघे बदलून आणले,
गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर पडदे लावले,
आणि उन्मेषला,
आईच्या वर्षश्राद्धाला न आल्याबद्दल,
माफसुद्धा केलं.

नाना पडद्याजवळ वाकले.
अंगठा धरला एकेका आकड्यावर,
चुकीच्या तावावर धरत असतील तसा.
हे नजरेला खपत नाही, म्हणाले.
आमच्याकडे हा ताव पुढे गेला नसता.

पुन्हा बसले.
दर वेगळ्याच मापात लिहिलेला असतो,
अठरा स्थळांच्या.
अठरात डॉलरची सहा मिळवायची,
टोकनची आठ वजा करायची.
सोळा.
दोन स्थळं मी विसरले होते.
दोनच.
एक लाख दोन हजार सहाशे अठ्ठेचाळीस.
त्यात तीन वर्षांचं व्याज धरून, डॉलरमध्ये
एकशे चाळीस आणि काही सेंट.

हां, नाना म्हणाले,
हे उन्मेषचं वाटतं.

हाही आकडा तसा शिळा आहे, मी म्हटलं.
या बाजारात वर्दळ कमी.
शेवटचा हात कुणी लावला तेव्हाचा हा दर.
आता कुणी काही ठेवलं, काही काढलं,
की मधल्या दिवसांचं सगळं एकदम मोजलं जाईल.
तोवर साचत असतं, फक्त दिसत नाही.
मोडू का?

त्यांनी उत्तर दिलं नाही.
फायलीतल्या पानावर, त्या नोंदीखाली,
तारीख घातली आणि दर लिहिला,
शून्य पूर्णांक शून्य दोन तीन पाच,
पुराची खूण करतात तसा, खाली रेघ मारून.

मग घड्याळाकडे बघितलं. चार वाजले होते.
लिस्बन साडेचार तास मागे,
नानांनी ते तोंडीच वजा केलं.
साडेअकरा, म्हणाले.
म्हणजे जेवला नसेल अजून.
लाव फोन.